सत्काराच्या यादीत नसलेला रकाना

जून उलटला की कर्जत-खालापुरात गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. ज्ञातिसंस्था, पतपेढ्या, राजकीय पक्ष, उत्सव मंडळं, ज्याची जशी ऐपत तसा सोहळा. कुणी ट्रॉफी देतं, कुणी वह्या आणि छत्री. (इथला पाऊस पाहता छत्री देणारा जास्त शहाणा.) मग ५ सप्टेंबरला शिक्षकांची पाळी येते.

भिसेगाव कर्जत स्टेशनाला खेटून आहे. दहिवली, मुद्रे, गुंडगे, आकुर्ले यांच्यासारखंच तेही आता नगरपरिषदेत. इथल्या मुलाला शिकवणी आहे, कल्याणला जायला लोकल आहे, शेजारी कुणीतरी इंजिनीअर झालेला आहे. त्याच कर्जतमधून एसटीने नाहीतर दुचाकीने कशेळे, कळंब, पाथरजकडे गेलं की ठाकूर आणि कातकरी वाड्या लागतात. शाळेच्या पाटीवर इथेही ‘रा. जि. प. शाळा’ (म्हणजे रायगड जिल्हा परिषदेची) हीच अक्षरं. पट मात्र कधी पंधरा, कधी अठरा. तालुका एकच, सत्काराची यादीही एकच.

या सत्काराची परंपरा जुनी. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांनी जोतीराव फुल्यांना सरकारतर्फे शालजोडी दिली, ती मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा चालवल्याबद्दल. ज्यांना शाळेत कुणी येऊ देत नव्हतं त्यांना आणून बसवलं, हे त्या शालजोडीचं कारण होतं. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहायचं तर आपल्या जिल्ह्याचं ठळक नाव चिंतामणराव देशमुखांचं. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या या मुलाने १९१२ साली मॅट्रिकला पहिला येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तरी जुन्या पिढीतले लोक आधी मॅट्रिकचा नंबर सांगत.

स्वातंत्र्यानंतर कौतुकाची सरकारी यंत्रणा उभी राहिली. १९५४-५५ पासून शिष्यवृत्ती परीक्षा, १९५८ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पुढे त्यांचे आदर्श शिक्षकही आले. गंमत अशी की आपल्याकडे आदर्श व्हायचं तर आधी प्रस्ताव करावा लागतो. उपक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, लोकवर्गणीच्या पावत्या, केंद्रप्रमुखांची शिफारस. फाइल जितकी जाड तितकी आशा मोठी. राष्ट्रीय पुरस्कारासाठीही २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. चांगलं काम करून फाइलही चांगली करणारे आहेत. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसल्यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना देऊन टाकली. पण फाइल करण्याची हौस नसलेला, दुशिक्षकी शाळेत माध्यान्ह भोजनाचा हिशेब आणि चार वर्ग एकदम सांभाळणारा गुरुजी या यंत्रणेला दिसतच नाही.

मुलांच्या बाबतीत अडचण याहून अवघड आहे. शिष्यवृत्तीचे दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुणांचे: एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. वर्षभर सराव केलेल्या मुलाचंच हे काम. आणि परीक्षा अलीकडच्या वर्षांत होते ती बहुधा फेब्रुवारीत.

फेब्रुवारीत कातकरी वाडी निम्मी रिकामी असते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल सोबत जातं. धाकट्याला सांभाळतं, विटा उलटतं. यावर शासनाकडे उपाय नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जिथे जाल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण कार्ड भट्टीवर आपोआप पोहोचत नाही. कुणीतरी दसऱ्याच्या आधी झोपडीत जाऊन बसावं लागतं, ‘पोरीला आजीकडे ठेवा, मी बघतो’ असं सांगावं लागतं, आणि मग खरोखर बघावं लागतं. आजी मोलमजुरीला गेली की पोरगी घरी राहते, म्हणून सकाळी पुन्हा हाक मारायला जावं लागतं. हे करणारे शिक्षक कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांनी टिकवलेली पोरगी राज्याच्या गुणवत्ता यादीत येत नाही. ती पाचवीत येते, एवढंच.

आणि शाळेत असणं म्हणजे काय, हे या भागाने फार कठोरपणे पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतली काही मुलं वाचली ती आश्रमशाळेत होती म्हणून.

माझं म्हणणं सत्कार बंद करा असं नाही. पहिल्या आलेल्या मुलीच्या गळ्यात हार पडलाच पाहिजे. तिच्या वडिलांनी रिक्षा चालवून शिकवणीचे पैसे भरलेले असतात. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेला तीन लाख मिळाले, तेही योग्यच. फक्त भिंती रंगवण्याला गुण असतील तर मूल टिकवण्याला त्याहून जास्त असावेत. त्यासाठी नवी समिती लागत नाही. जूनचा हजेरीपट आणि एप्रिलचा हजेरीपट शेजारी ठेवले की झालं. दोन्ही शाळेच्या कपाटात आहेत. कर्जत आणि खालापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढच्या ५ सप्टेंबरच्या प्रस्तावात एवढा एक रकाना वाढवावा: स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतली किती मुलं वर्षअखेर वर्गात होती. तो आकडा केंद्रप्रमुखांनी स्वतः भरावा, शिक्षकाकडून अर्ज मागवू नये.