मुळम म्हणजे किती?

तंजावरला मावसबहिणीकडे गेले की तिच्या दोघी मुली मला बाजारात नेतात. मोठी दहा वर्षांची, धाकटी सात. मला तमिळ येत नाही, म्हणून एक ठरलेलं आहे: दुकानदार सांगेल ते त्यांनी मला मराठीत सांगायचं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास या मुलींना वाचता येत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली मराठी मात्र तोंडात पक्की. पण दुसऱ्याला सांगायचं तर आधी स्वतःला कळायला लागतं. म्हणून तर मी त्यांना सोबत घेते.

मोगऱ्याचे गजरे इथे मुळमावर विकतात. “अक्का, मुळम म्हणजे किती?” धाकटीनं विचारलं. फुलवालीनं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माळ ताणून दाखवली. “मावशी, एक हात!” शेजारच्या फुलवालीचा हात आखूड आहे, हे मोठीनं टिपलं. “मग तिच्याकडे कमी फुलं मिळणार?” तिनं मला कुजबुजत विचारलं. तिलाच विचार, म्हटलं. तिनं धीर करून विचारलं. ती बाई हसली आणि माप झाल्यावर वर चार बोटं माळ सोडून मगच तिनं दोरा तोडला.

वीणा घडवणाऱ्यांकडे मात्र सकाळ सरली. अंगणात ओंडके रचलेले. “पलामरम्,” कारागीर म्हणाले. मोठी अडली. शब्द आठवेना, तेव्हा तिनं हातांनी काटेरी फळ काढलं, आतले पिवळे गरे काढले. फणस! वीणेच्या पोकळ भोपळ्याला तमिळमध्ये कुडम म्हणतात. तिनं ‘घागर’ सांगितलं, आणि ते नेमकं होतं. टोकाला कोरलेल्या याळी या काल्पनिक प्राण्याच्या जबड्यात धाकटीनं बोट घालून पाहिलं. वाजवायच्या तारा चार, बाजूला तालाच्या तीन. मग आजोबांच्या वयाचे एक कारागीर काळ्या मेणात पितळी पडदे बसवू लागले. पडदे चोवीस. तार छेडायची, कान द्यायचा, पडदा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. मोजपट्टी कुठेच नाही. “तात्ता, कसं कळतं?” त्यांनी कानाला हात लावला. हे मला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, आणि लागलंही नाही.

मान डोलावणाऱ्या बाहुल्यांच्या दुकानात पोचेपर्यंत दोघी दमल्या होत्या. तरी गोल बुडाचा राजा आडवा पाडला की पुन्हा उभा का राहतो, हे धाकटीनं दोन राजे हातात तोलून स्वतःच शोधलं: बूड जड, डोकं हलकं.

रात्री ती गजरा घेऊन माझ्याजवळ आली. स्वतःच्या कोपरापासून मोजला, तर एका मुळमाचे जवळजवळ दीड भरले. मग माझा हात मागितला.