बिघाड मशीनच्या बाहेर

पावसाळा लागला की जबलपुरातल्या अनेक घरांत कपडे धुण्याचं मशीन ‘बिघडतं’. कपडे भरले, दार लावलं, बटण दाबलं, तरी आतून नुसती गुणगुण येते. पाण्याची धार करंगळीएवढीही नसते आणि काही वेळानं पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकू लागतात. एलजीच्या मशीनवर ‘आयई’, सॅमसंगच्या बऱ्याच मशीनवर ‘4सी’. घरातलं निदान मात्र तयारच असतं: कार्ड गेलं. कार्ड म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मशीनच्या महागड्या भागांपैकी एक. त्यामुळे हे निदान मेकॅनिकच्या आधी घरच्यांनीच उच्चारलं, तर त्याला फारसे कष्ट उरत नाहीत.

खरं तर या दोन्ही खुणांचा अर्थ एवढाच, की ठरल्या वेळात पुरेसं पाणी आत आलेलं नाही. कार्ड खरोखर गेलं असतं, तर इतकी नेमकी तक्रार त्याला बहुधा करताच आली नसती.

पाणी अडतं कुठे? शहराचं बरंचसं पाणी लालपूरच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, नर्मदेचं. पावसात नदी गढूळ होते. केंद्रात पाणी गाळलं जात असलं, तरी जुन्या नळवाहिन्यांतून आणि वर्षानुवर्षं न धुतलेल्या गच्चीवरच्या टाकीतून बारीक गाळ मशीनपर्यंत पोचतो. मशीनच्या पाठीमागे, जिथे पाण्याचा पाइप बसतो, तिथे अंगठ्याच्या नखाएवढी एक जाळी असते. नळ बंद करून, प्लग काढून पाइपचा आटा सोडवला की ती दिसते. पकडीनं हलकेच ओढायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, परत बसवायची. काही जण जाळी कायमची फेकूनच देतात, ‘कटकट नको’ म्हणून. मग वाळूचे कण थेट आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात, तो पुरता मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी झिरपत राहतं. पाच मिनिटांची कटकट टाळून नव्या व्हॉल्व्हचा खर्च ओढवून घ्यायचा, हा हिशेब कुणालाच परवडणारा नाही.

जाळी साफ आहे आणि तरी पाणी येत नाही, तर टाकीकडे पाहावं. अनेक फ्रंट लोड मशीनना किमान 0.3 बार दाब लागतो. साध्या भाषेत, मशीनच्या नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतचं उभं अंतर सुमारे तीन मीटर हवं. समजा नेपियर टाउनमधलं दुमजली घर आहे, टाकी गच्चीवर टेकलेली आणि मशीन वरच्या मजल्यावर. हे अंतर जेमतेम दोन-अडीच मीटर भरतं. तेच मशीन खालच्या मजल्यावर नेलं की सुतासारखं सरळ चालतं. टाकी चौथऱ्यावर चढवणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं हे उपाय आहेत. आपल्या मॉडेलला किती दाब लागतो ते माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका बहुतेक घरांत थर्माकोलबरोबरच रद्दीत गेलेली असते, हे वेगळं.

जबलपूरचा खास गैरसमज पुढेच आहे. नर्मदा भेडाघाटच्या संगमरवरातून वाहते, म्हणून शहराचं पाणी जड आणि म्हणून मशीनची वाट लागते, असं इथे छातीठोकपणे सांगितलं जातं. नदी पश्चिमेकडे वाहते. बर्गी धरण, ग्वारीघाट, तिलवारा आणि मग भेडाघाट असा तिचा क्रम आहे. लालपूरला पाणी उचललं जातं तेव्हा नदीनं संगमरवरी घळ अजून पाहिलेलीही नसते! पाणी जड होतं ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. जमिनीत मुरलेलं पाणी खडकांच्या सहवासात जास्त काळ राहतं, म्हणून बोअरचं पाणी साधारणपणे नदीच्या पाण्यापेक्षा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण काठिण्य लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. तेव्हा उन्हाळ्यात नळ रोडावून घर बोअरवर आलं, की साबणाला फेस येईनासा होतो आणि त्याचा दोष संगमरवराच्या माथी मारला जातो.

जड पाण्याचा कडक पांढरा थर मुख्यतः पाणी तापतं तिथे बसतो, म्हणजे हीटरवर. थंड पाण्यात धुणाऱ्या, हीटर नसलेल्या टॉप लोड मशीनला या थराची भीती जवळजवळ नाही. तिथे जमतो तो साबणाचा चिकट मळ. हीटरवरच्या थराला सायट्रिक आम्ल असलेली क्षार काढायची पावडर चालते. मात्र कुठलंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचमध्ये मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो.

फेसाबद्दलचा समज तर घराघरांत आहे: फेस जास्त, तर धुणं स्वच्छ. हातानं धुताना फेस डोळ्यांना समाधान देतो, मशीनमध्ये तो आडवा येतो. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्या आपटण्यानं मळ निघतो. भरमसाट फेस झाला की त्याची गादी होते आणि आपटणंच मऊ पडतं. पंपातही फेस शिरतो, पाणी नीट उपसलं जात नाही. वर मशीन फेस घालवायला जादा खळबळणी करतं आणि लोक म्हणतात, ‘आजकाल हे फार वेळ घेतं’. उरलेली पावडर दाराच्या रबरात साचून बुरशीला खाऊ घालते, त्याचा तो कुबट वास. धुणं झाल्यावर रबराची घडी पुसून दार उघडं ठेवलं, तर यातलं निम्मं दुखणं टळतं.

आता सांडपाण्याचा पाइप. पुण्याची मावशी फोनवर सांगते, ‘पाइपचं तोंड वर, कमरेएवढं ठेव गं, नाहीतर पाणी आपोआप निघून जातं.’ मावशीचं म्हणणं अगदी बरोबर, कारण तिचं मशीन फ्रंट लोड आहे. त्यात पंप असतो. पाइप जमिनीवर सोडला, तर भरलेलं पाणी तसंच ओघळत बाहेर जातं. मशीन भरतच राहतं आणि धुणं सुरूच होत नाही. जबलपूरच्या भाचीकडे मात्र बिनपंपाचं टॉप लोड आहे. त्यातलं पाणी नुसत्या उताराने जातं, म्हणून त्याचा पाइप फरशीवर आडवाच पडलेला हवा. बाथरूमचा उंबराही त्याला नडतो. मावशीचा सल्ला भाचीनं मानला, की मशीन पाण्यानं तुडुंब भरलेलं, ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर जात नसल्याची खूण दाखवत उभं!

पंपाच्या मशीनमधून पाणी जात नसेल, तरी पंप जळाला असं लगेच मानू नये. पुढच्या बाजूला खाली, कोपऱ्यात एक झाकण असतं, त्यामागे गाळणी. पाणी गरम असेल तर निवू द्यावं, खाली परात सरकवावी आणि गाळणी हळूहळू फिरवावी. शर्टाचं बटण, केसांची पिन, एक रुपयाचं नाणं, बाळाचा मोजा, काहीही निघतं.

मदनमहालच्या वाटेवरचा बॅलन्सिंग रॉक 22 मे 1997च्या भूकंपातही जागचा हलला नाही, आणि घरातलं मशीन एका गोधडीनं बाथरूमभर चालू लागतं. बेअरिंग गेलं, असं तेव्हा म्हटलं जातं. एकच जड कपडा ड्रमच्या एका अंगाला गोळा झाला, की हेच व्हायचं. त्याच्याबरोबर दोन-तीन टॉवेल टाकावेत. नवं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी थयथयाट करत असेल, तर पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले असण्याचीच शक्यता मोठी. पायही तपासावेत: एका कोपऱ्यावर दाबलं आणि मशीन डुललं, तर तो पाय फिरवून टेकवावा, वरचा नट आवळावा. सात किलोचं मशीन म्हणजे सात किलो कोरडे सुती कपडे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

विजेबाबत मात्र हलगर्जीपणा नको. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर ‘स्टॅबिलायझर बसवा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो. झिणझिण्या म्हणजे कुठेतरी वीज गळते आहे आणि अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. राज्याच्या वीज कंपन्यांचं शक्तिभवन ज्या शहरात उभं आहे, तिथेही घरातल्या वायरिंगचं अर्थिंग बघायचं काम घरमालकाचंच. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला, की अर्थिंग तिथेच संपलं. शिवाय 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचतो, म्हणून त्याला 6 अँपिअरचा साधा सॉकेट देऊच नये.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुण्याची मोटर वेगळी, ड्रायरची वेगळी. एक चालते आणि दुसरी नुसती घुमते, फिरत नाही, तेव्हा मोटर जळाली असं मानण्याआधी कपॅसिटर कमजोर झाला असण्याचा संशय घ्यावा. तो मोटरच्या मानानं अगदी स्वस्त असतो. गुरंदी बाजारात जुन्या वस्तूंची उलाढाल मोठी, पण हा भाग नवाच घ्यावा आणि इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्यावा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

मेकॅनिक लागतोच अशा खुणाही आहेत. रिकामा ड्रम हातानं फिरवला तरी खरखर येते, जळका वास येतो, मशीन लावताच एमसीबी पडतो. अशा वेळी कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, तिथे बनावट ग्राहकसेवा क्रमांक पेरलेले असतात. पुस्तिकेवरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा नंबर लावावा. ‘कार्ड बदलावं लागेल’ असं ऐकू आलं, तर पडद्यावर कोणती खूण होती ते सांगून खर्चाचा लेखी अंदाज मागावा आणि काढलेला जुना भाग दाखवायला सांगावं. वॉरंटीत असूनही कंपनी टोलवाटोलवी करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.