जिवाणू सापडला, पण विष कुणाचे?

लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात २० फेब्रुवारी २०२४ रोजी एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो गावकऱ्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावे लागले. प्रसादाचे नमुने तपासणीसाठी घेतले गेले. अशा नमुन्यांत नेमके काय शोधतात?

उरलेले अन्न, उलटी आणि प्रतिजैविके देण्याआधी घेतलेले शौच थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोचले पाहिजे. तिथे शौचाचा नमुना मॅकॉन्की अगारसारख्या माध्यमावर पसरून ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. सकाळी जिवाणूंच्या वसाहती दिसतात. पण इ. कोलाय हा जिवाणू तर धडधाकट माणसाच्या आतड्यातही असतो. नुसता तो सापडल्याने काहीच सिद्ध होत नाही. तो विष तयार करतो का, हे पाहावे लागते.

ही वाट कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवली. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यांनी त्यात कॉलऱ्याचे जिवाणू सोडले, तेव्हा तिथे पाणी साचले. १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच होते.

आजही जिवाणू वाढवलेला द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून पेशींवर घालतात. काही इ. कोलाय तयार करतात ते शिगा विष त्यात असेल, तर माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशी मरतात. शेजारच्या कुपीत त्याच द्रवात विषाचे प्रतिपिंड मिसळतात. तिथल्या पेशी वाचल्या, तर विषाची ओळख पटली.

याला काही दिवस लागतात. एलायझा काही तासांत होते: प्लेटच्या खळग्यात चिकटवलेले प्रतिपिंड विषाला धरून ठेवते, दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे रंग येतो. पीसीआर मात्र विष नव्हे, विषाचे जनुक शोधते. घरात चूल आहे म्हणून स्वयंपाक झालाच, असे होत नाही, तसेच जनुकाचे.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे विष तर अन्नातच तयार होते आणि उकळूनही टिकते. जिवाणू मेले तरी विष उरते, म्हणून ते थेट अन्नातच तपासावे लागते. तेव्हा पंगतीनंतर त्रास सुरू झाला, तर उरलेले अन्न भीतीपोटी फेकू नका. स्वच्छ डब्यात झाकून, थंड जागी, कुणी खाणार नाही असे ठेवा आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती द्या. तो डबा नसेल, तर उत्तम प्रयोगशाळेचाही निम्मा तपास खुंटतो.