थायलंडमधली रातकिड्यांची शेती

थायलंडमधल्या खोन केन शहराजवळ एका घरामागच्या शेडमध्ये शिरलो आणि किर्रर्र आवाजाने कान भरून गेले. हे रातकिडे खाण्यासाठी पाळलेले होते! हा जोडधंदा मला फार आवडला, म्हणून थोडी माहिती देतो.

सुरुवात १९९८ च्या सुमारास झाली. खोन केन विद्यापीठाने शेतकऱ्यांना तंत्र शिकवलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) २०१३ च्या अहवालानुसार थायलंडमध्ये सुमारे २०,००० शेतकरी वर्षाला सरासरी ७,५०० टन उत्पादन घेत होते.

पाळतात कसे?

सिमेंटच्या हौदात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचतात. किडे त्यांच्या खाचांत दडून बसतात. हौदाच्या आतून वरच्या कडेला गुळगुळीत चिकटपट्टी लावतात, मग त्यांना चढून पळता येत नाही. पालींपासून वाचवायला वर मच्छरदाणी. पाण्याच्या ताटलीत खडे टाकतात, नाहीतर पिल्लं बुडतात.

मादी ओलसर तुसाच्या वाडग्यात अंडी घालते. आठवडा-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि साधारण ४५ दिवसांत काढणी होते.

खाद्य बहुतेक कोंबड्यांचंच. काढणीआधी काही दिवस भोपळा किंवा पालेभाजी देतात, त्याने चव सुधारते.

प्रथिनं भरपूर, जागा आणि पाणी कमी. छोट्या शेतकऱ्याच्या हातात वर्षभर पैसा खेळता ठेवणारा हा धंदा आहे. २०२२ मध्ये युरोपीय संघानेही खाद्य म्हणून रातकिड्यांना मान्यता दिली.

महत्त्वाचं: कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर रातकिडे खाऊ नका.