गाडी देते किती, खाते किती?

पहिली गाडी घ्यायचीय? डिझेल, पेट्रोल, सीएनजी की हायब्रिड? गिरगाव ते दादर पट्ट्यातल्या नोकरदारांसाठी थोडं गणित आणि थोड्या गॅरेजमधल्या गोष्टी.

प्रमोशन झालं, लग्न ठरलं किंवा चाळीचा टॉवर होऊन एकदाचं हक्काचं पार्किंग मिळालं, की घरात गाडीचा विषय निघतोच. आणि तो निघाला की एखादे काका नाहीतर मावसभाऊ छातीठोकपणे सांगून टाकतात, “डिझेल घे रे, डिझेल! अ‍ॅव्हरेज बघ कसलं देते!”

काकांना हसू नका. त्यांच्या काळात हा फंडा शंभर टक्के बरोबर होता. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि मध्यमवर्गाला परवडेल अशी डिझेल गाडी पहिल्यांदाच दारात उभी राहिली. २००७ मध्ये मारुतीने स्विफ्ट डिझेलमध्ये आणली, पाठोपाठ डिझायर आली आणि मग तर डिझेल गाड्यांसाठी वेटिंग लिस्ट लागायला लागली. मे २०१२ मध्ये मुंबईत पेट्रोल ७८ रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल होतं ४५ च्या आसपास. लिटरमागे ३३ रुपयांचा फरक, शिवाय डिझेल इंजिनाचं अ‍ॅव्हरेज मुळातच जास्त. अशा वेळी पेट्रोल गाडी घेणारा माणूस एकतर फार कमी फिरणारा तरी असायचा किंवा फार श्रीमंत तरी.

पण हा फरक बाजाराने दिलेला नव्हता, सरकारने दिलेला होता. पेट्रोलचे भाव २०१० मध्येच मोकळे झाले, डिझेलचे मात्र सरकारने धरून ठेवले होते. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं सोडलं. आता २०२५ मधले मुंबईतले भाव बघा: पेट्रोल साधारण १०३ रुपये ५० पैसे, डिझेल ९० रुपये. फरक उरला साडेतेरा रुपयांचा. दुसरा धक्का एप्रिल २०२० मध्ये बसला. बीएस-६ चे नियम लागू झाले, डिझेल इंजिन स्वच्छ करण्याचा खर्च वाढला आणि स्विफ्ट-डिझायर डिझेल विकून मोठ्या झालेल्या मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं.

काळ्या-पिवळ्यांना आधीच कळलं होतं

मुंबईत गाडीच्या खर्चाचा सगळ्यात काटेकोर हिशेब कोण ठेवतं? सीए नव्हे, टॅक्सीवाला. त्याचं घरच किलोमीटरवर चालतं. नव्वदच्या दशकात आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींपैकी कितीतरी टॅक्सी डिझेलवर धावायच्या. परळच्या सिग्नलला अशा टॅक्सीच्या मागे उभं राहिलेल्यांना तो काळा धूर अजून आठवत असेल. धुराविरुद्धचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाच्या आदेशांमुळे २००० नंतरच्या वर्षांत या टॅक्सींना गॅसवर यावं लागलं. सुरुवातीला कुरकुर झाली. किट बसवायचा खर्च, पंप कमी, रांगा मोठ्या. पण एकदा सीएनजीची सवय लागल्यावर डिझेलसाठी मोर्चा काढायला कोणी गेलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्या जागी आलेल्या सँट्रो आणि वॅगन-आरच्या डिकीतही सिलिंडरच असायचा.

आपण मात्र शोरूममध्ये गेलो की टॅक्सीवाल्याचं डोकं घरी ठेवून जातो.

कागद-पेन घ्या

समजा, तुम्ही लालबागला राहता आणि ऑफिस बीकेसीत आहे. जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ४४०. त्यात एखादा वीकेंड लोणावळा किंवा पुणे, सासरची एक फेरी असं धरून महिना ७०० किलोमीटर. गाडी १२ लाखांची मध्यम एसयूव्ही. कंपनीचे अ‍ॅव्हरेजचे आकडे बाजूला ठेवू, कारण ते लॅबमधले असतात. आपण आंबेडकर रोडवरचे धरू: पेट्रोल ११, डिझेल १४, हायब्रिड १९ किलोमीटर लिटरला, सीएनजी किलोला १८. तुमची गाडी थोडी वर-खाली देईल, पण चित्र फारसं बदलणार नाही.

एका किलोमीटरला पेट्रोल गाडी ९ रुपये ४० पैसे खाते, डिझेल ६ रुपये ४०, हायब्रिड ५ रुपये ४५. सीएनजी ८० रुपये किलो धरला तर साडेचार रुपयांच्या आतच काम होतं. महिन्याला पेट्रोलचं बिल साडेसहा हजार, डिझेलचं साडेचार. म्हणजे काका म्हणतात तसे दोन हजार वाचले की!

वाचले, पण आधी मोजले किती? तीच गाडी डिझेलमध्ये दीड लाखाने महाग धरा. त्यात महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स: १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. मिळून फरक जातो दोन लाखांच्या जवळ. वर्षाला २५ हजार वाचले तर तो फिटायला जवळजवळ आठ वर्षं लागतात. हे दोन लाख लोनवर घेतले असतील, ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, तर नुसत्या त्या फरकाचाच ईएमआय चार हजारांच्या वर. दर महिन्याला दोन हजार वाचवण्यासाठी चार हजार भरायचे, याला बचत म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

गिरगावात राहून फोर्टला ऑफिस असेल तर प्रकरण आणखी गमतीचं. महिन्याला ३०० किलोमीटर झाले तरी खूप. डिझेलमुळे वाचणार ९०० रुपये. दोन लाख वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील आणि आपल्या आरसी बुकाची पहिली मुदतच पंधरा वर्षांची असते.

याच हिशेबात सीएनजी बसवून बघा. गाडी साधारण ९५ हजारांनी महाग, पण टॅक्स कमी. जुलै २०२५ मध्ये एक टक्का वाढूनही या किमतीच्या सीएनजी गाडीला ९ टक्केच. प्रत्यक्षातला फरक ७० हजारांच्या आसपास आणि वर्षाची बचत ४० हजारांच्या वर. दोन वर्षांच्या आत पैसे वसूल!

मग सगळेच सीएनजी का घेत नाहीत? एक तर डिकी. गणपतीला कोकणात निघताना पाच माणसं, मखर, मोदकांचं सामान आणि आईच्या पिशव्या सिलिंडरशेजारी बसवून दाखवा. टाटांनी २०२३ मध्ये आणलेल्या जोड-सिलिंडरच्या गाड्यांनी हा प्रश्न थोडा सोडवलाय. दुसरं म्हणजे रांग. १७ नोव्हेंबर २०२५ च्या सोमवारी तर कमालच झाली. आरसीएफच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या स्टेशनात येणारा गॅस अडला आणि मुंबईभर पंपांवर रांगा लागल्या. तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकीही असते, म्हणून अशा दिवशी टॅक्सीवाल्याइतके तुम्ही अडकत नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट करून घ्यायची असते, हेही डायरीत लिहून ठेवा.

हायब्रिड: कूल, पण कोणासाठी?

हायब्रिडचं आकर्षण मला कळतं. हिंदमाताच्या ट्रॅफिकमध्ये ती जवळजवळ आवाज न करता सरकते. थांबलं की इंजिन बंद, हळू चाललं की मोटर, ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज. जिथे बाकीच्या गाड्या सगळ्यात जास्त इंधन पितात तिथेच ही सगळ्यात कमी पिते. त्यात ऑटोमॅटिक, त्यामुळे घरी पोचल्यावर डावा पाय ठणकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवी-परळचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि सगळी गर्दी टिळक पूल आणि करी रोडच्या पुलाकडे वळली. तेव्हा त्या रांगेत क्लच दाबत बसलेल्यांना या सुखाची किंमत विचारा.

पण ती किंमत जबरदस्त आहे. भारतात हायब्रिड तशी नवी नाही. होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली होती, टोयोटाने २०१० मध्ये प्रियस. दोन्ही गाड्यांच्या किमती ऐकून लोक ब्रोशर घेऊन घरी गेले. खरी लाट आली २०२२ मध्ये: होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा, हायरायडर आणि मग इनोव्हा हायक्रॉस. कागदावर ग्रँड व्हिटाराचं अ‍ॅव्हरेज २७.९७. तरीही पेट्रोलपेक्षा साडेतीन लाख जास्त मोजले, वर त्यावरचा टॅक्स, तर आपल्या ७०० किलोमीटरवाल्या लालबागकराला ते वसूल करायला जवळपास १२ वर्षं लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. या हायब्रिड लांबीने मोठ्या असल्याने ४० टक्क्यांत राहिल्या. म्हणजे छोटी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी आणि हायब्रिड यांच्यातलं अंतर वाढलंच.

मात्र दादरहून रोज महापे किंवा ठाण्याला जाणारा, महिन्याला १८०० किलोमीटर तोडणारा माणूस असेल तर हायब्रिड साडेचार वर्षांत फिटते. बॅटरीची भीती घालणारे भेटतील. पण टोयोटा, मारुती आणि होंडा तिच्यावर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. अशा माणसाला डिझेलही तीन वर्षांत परवडतं आणि घाटातून, भरलेल्या गाडीने, सारखं गावी जाणं असेल तर मी त्याला डिझेलच घ्यायला सांगेन. एक सावधगिरी बाळगा: शोरूममध्ये ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा ‘माइल्ड हायब्रिड’ असं काही ऐकू आलं तर लगेच खूश होऊ नका. त्यात छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, गाडी एकटी ओढत नाही. अ‍ॅव्हरेजमध्ये थोडासाच फरक पडतो, नाव मात्र तेच.

(इलेक्ट्रिकचं काय, असं विचाराल. जीएसटी ५ टक्के आणि अटल सेतूवर टोल माफ. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून चार्जिंगची वायर खाली सोडता येत असेल तर जरूर घ्या.)

स्वस्तातली सेकंडहँड डिझेल

खरा मोह इथे आहे. पहिल्या नोकरीतली बरीच मंडळी नवी गाडी घेत नाहीत, पाच-सहा वर्षांची घेतात. आणि तिथे मोठी डिझेल एसयूव्ही भलतीच स्वस्त दिसते. ती स्वस्त का, हे आधी समजून घ्या.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगलाच तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळावी लागते. गिरगाव ते फोर्ट या चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड गरमही होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो. तरी दुर्लक्ष केलं तर इंजिनाची ताकद कमी होते आणि जाळी बदलायची वेळ आली तर बिल बघून बसायला खुर्ची लागते. शहरातच फिरलेली कमी किलोमीटरची डिझेल गाडी ‘अगदी नवीन कंडिशन’ म्हणून विकली जाते. डीपीएफच्या बाबतीत तिचाच संशय जास्त घ्यावा.

दुसरी टांगती तलवार कायद्याची. दिल्लीत हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली आणि तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. २०२५ मध्ये त्यावर पुन्हा कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई हायकोर्टाने हवेच्या प्रदूषणावरून कान उपटल्यावर राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करणं शक्य आहे का, हे तिने तपासायचं. गाडी लगेच बंद होईल असं नाही. पण पाच वर्षांनी ती विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस ही बातमी तोंडावर फेकून भाव पाडणार, एवढं नक्की.

तेव्हा घासाघीस करायच्या आधी सर्व्हिस रेकॉर्ड मागा, आरसीवर आधीच्या राज्याचं नाव बघा आणि गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे न्या. आणि नवी असो की जुनी, टेस्ट ड्राइव्ह सोमवारी सकाळी साडेनऊला मागा, एसी लावून, दादर टीटीपासून लालबागपर्यंत. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पोचल्यावर स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज वाचा. सेल्समन नक्की म्हणेल, “सर, त्यापेक्षा रविवारी सकाळी या ना, रस्ता मोकळा असतो.” सोमवारच सांगा.