मोठे नाव आणि मोठी संख्या

आमचे आयुष्य कामगारांच्या पगारपत्रकांवरील बेरजा तपासण्यात गेले. गणिताची पदवी आमच्यापाशी नाही. तरीही ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या आम्हांला फार जवळची वाटते.

एक, दोन, चार, आठ, सोळा वेळा दोन मांडून गुणाकार करावा आणि दर वेळी त्यात एक मिळवावा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ असे आकडे येतात. हे पाचही मूळ आहेत. एक आणि स्वतः यांवाचून त्यांना कोणी भागत नाही. बत्तीस दोनांची पुढची संख्या ती आमची. तीही मूळच असणार, असा फ्रान्समधील फर्माचा १६४० साली दृढ विश्वास होता. हा पेशाने कायदेपंडित, पण गणितात नाव मोठे. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती.

१७३२ साली ऑयलरने दाखवले, की ६४१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो. पुढे त्याने नियमही सिद्ध केला: हिचा मूळ भाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच होतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ असे पाचव्याच घावाला काम फत्ते!

खात्री करायला पंडित लागत नाही. ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणा. चौथी शिकलेल्या माणसाला हे जमते. गणितात असो वा पगाराच्या हिशेबात, सांगणारा कितीही थोर असला तरी आकडेमोड मागून घ्यावी आणि ती आपल्या हाताने करून पाहावी. तो आपला हक्कच आहे.