सिडनीपर्यंत शिडाच्या बोटीने : दोन माणसं पाहिजेत

टार्निटला समुद्र नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला सपाट माळावर हे आमचं उपनगर वसलं आहे. २०१५ साली इथे रेल्वे स्टेशन झालं आणि नवीन घरांचं काम अजून थांबलेलं नाही. पण गाडी काढून वेरिबी साउथकडे निघालं की अर्ध्या तासाच्या आत पोर्ट फिलिपचा मोठा उपसागर समोर येतो. तिथल्या धक्क्याला आमच्यातल्याच एका कुटुंबाची चौतीस फुटी शिडाची बोट बांधलेली असते. येत्या उन्हाळ्यात (इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, इतर देशांतल्या वाचकांनी गोंधळू नये) या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने सिडनीपर्यंत जायचं असं आम्ही तीन-चार घरांनी ठरवलं आहे. नकाशे आले, खर्चाची वर्गणी जमली, शिडं शिवून झाली. अडलं आहे ते माणसांपाशी.

बेत कळल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "आपण तेली माणसं, घाण्यावर बसणारी. आपल्याला समुद्र कशाला?" यावर मुलांनी फार चांगलं उत्तर दिलं. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर आले ते फुटलेल्या गलबतातूनच ना? सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही गोष्ट आपण त्यांना पाळण्यापासून सांगतो. आपली आडनावं बघा : नवगावकर, केहिमकर, चेऊलकर, दिवेकर. निम्मा जुन्या कुलाबा जिल्ह्याचा किनारा आपल्या दारावरच्या पाट्यांवर लिहिलेला आहे! शिवाय आपल्या समाजातले बेंजामिन अब्राहम सॅमसन भारतीय नौदलात व्हाइस अॅडमिरल झाले, त्यांनी आरमाराचं नेतृत्व केलं आणि पुढे मुंबईच्या माझगाव डॉकचा कारभार पाहिला. तेव्हा समुद्राशी आपला संबंध नाही, असं म्हणता येणार नाही.

पण आजीने 'रामदास'चं नाव काढलं तेव्हा सगळे गप्प झाले. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आगबोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबागकडच्या प्रत्येक घराला ही गोष्ट ठाऊक आहे. आजीचं म्हणणं एवढंच होतं की त्या दिवशी सगळ्यांना घरी पोचायची घाई होती. आमच्या सगळ्या आखणीत हे वाक्य आता मध्यभागी आहे.

कारण हिशेब असा आहे. मेलबर्न ते सिडनी समुद्रमार्गे पावणेसहाशे सागरी मैलांच्या आसपास भरतं. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. आमची बोट वाऱ्यावर सरासरी पाच नॉट चालते, म्हणजे तासाला पाच सागरी मैल. (मुलांसाठी : नॉट म्हणजे गाठ. पूर्वीचे खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाची फळी बांधून ती मागे सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजत. तोच बोटीचा वेग.) न थांबता गेलं तर हे पाच दिवसांचं काम. आम्ही मात्र चार आठवडे धरले आहेत. उरलेले दिवस वाट बघण्याचे.

पहिली वाट बघायची ती उपसागराच्या तोंडाशीच. पोर्ट फिलिप जवळजवळ १,९०० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचं तोंड, पॉइंट लॉन्सडेल आणि पॉइंट नेपियन यांच्यामध्ये, जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरचं. त्यातही खोल, सुरक्षित वाट आणखी अरुंद. एवढं सगळं पाणी दिवसातून चार वेळा त्या फटीतून आत-बाहेर करतं. या जागेला इथे 'रिप' म्हणतात. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघालेलं असताना समोरून नैर्ऋत्येची लाट आली की पाणी अक्षरशः उभं राहतं. नेपियनच्या बाहेरच्या अंगाला चेव्हियट बीचवर १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट पोहायला उतरले आणि परत आलेच नाहीत, त्यांचा देहही सापडला नाही. तेव्हा क्वीन्सक्लिफच्या बंदरात थांबायचं, तक्ता बघून प्रवाह मंदावण्याची वेळ काढायची, लॉन्सडेलच्या नियंत्रण केंद्राला वायरलेसवर बारा नंबरच्या चॅनलवर कळवायचं आणि मगच निघायचं. रेवदंड्याच्या खाडीत शिरणारा तांडेल तरी वेगळं काय करतो? तोही भरतीसाठी बाहेर नांगर टाकून विडी ओढत बसतो.

बाहेर पडलं की बासची सामुद्रधुनी. ती उथळ आहे, म्हणून वारा वाढला की लाटा आखूड आणि उंच होतात. विल्सन्स प्रॉमंटरी या दक्षिणेच्या टोकाला वळसा घातल्यावर रेफ्यूज कोव्ह नावाची छोटी खाडी लागते. तिथे गाडीरस्ता नाही, चालत जा नाहीतर बोटीने. आमचा सर्वांत लांब मुक्काम इथे पडेल असा अंदाज आहे, कारण पुढे नाइंटी माइल बीचचा उघडा किनारा आहे आणि त्याच्या टोकाला लेक्स एन्ट्रन्स. तिथलं वाळूत खणलेलं तोंड १८८९ साली खुलं झालं, पण समुद्र खवळलेला असला की तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात आणि आत शिरणं धोक्याचं होतं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हे दार बंद असू शकतं. भरवशाचं बंदर त्यापुढे ईडनचं. तिथून उत्तरेला वळलं की उन्हाळ्यात दक्षिणेकडे वाहणारा पूर्व ऑस्ट्रेलियाचा प्रवाह समोरून येतो, त्यामुळे किनाऱ्याला धरून सरकायचं. बर्मागुई, जर्व्हिस बे, मग सिडनी.

याच ईडनच्या बाहेर डिसेंबर १९९८ मध्ये सिडनी ते होबार्ट शर्यतीला वादळाने गाठलं. ११५ बोटी निघाल्या होत्या, ४४ पोचल्या. पाच बोटी बुडाल्या, सहा खलाशी गेले, ५५ जणांना उचलून आणावं लागलं. ही सगळी सरावलेली माणसं होती. त्यानंतर शर्यतीचे नियम कडक झाले आणि बोटीवरच्या ठराविक माणसांनी समुद्रातल्या सुरक्षिततेचं शिक्षण घेतलेलं असण्याची सक्ती आली. आमच्यावर ती सक्ती नाही, तरी प्रत्येकाने हे शिक्षण घ्यायचंच असं ठरलं आहे. व्हिक्टोरियातला ओशन रेसिंग क्लब असे वर्ग घेतो. तिथे अंगावरच्या कपड्यांसकट पोहण्याच्या तलावात उतरून तराफ्यावर चढायला लावतात. ते बघूनच दोन उमेदवार गळाले. बरं झालं, तलावातच गळाले.

आता माणसांविषयी. चहाच्या वेळी विचारलं तर अकरा जण तयार होते! तारखा विचारल्यावर पाच उरले. त्यातही एकाचं सिडनीहून परतीचं विमान आधीच काढलेलं होतं आणि एकाला सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं होतं. दोघेही गुणी मुलं, दोघांनाही आम्ही नको म्हटलं. रेफ्यूज कोव्हमध्ये सहा दिवस अडकल्यावर ज्याची रजा संपत आली आहे तो माणूस आकाशाकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघतो. आणि मग बाकीच्यांनाही "आजचा वारा तसा बराच आहे" असं वाटायला लागतं.

याउलट ज्यांचा आम्ही विचारच केला नव्हता त्या एका मावशींनी सगळ्यांना गार केलं. वय सदुसष्ट, आयुष्यभर नर्सची नोकरी, रात्रपाळीची सवय. वेरिबी साउथ ते क्वीन्सक्लिफच्या चाचणी फेरीत व्यायामशाळेत जाणाऱ्या दोन तरुणांना बोट लागली आणि ते बादली धरून बसले. मावशींनी त्यांना आलं चघळायला दिलं, सुकाणू धरलं आणि तीन तासांनी स्वतःहून सांगितलं, "आता माझे डोळे मिटायला लागलेत, दुसऱ्या कुणीतरी घ्या." आम्हाला नेमकं हे वाक्य बोलणारं माणूस हवं होतं. रात्री तुम्ही खाली झोपलेले असता तेव्हा वर एकच जण जागा असतो, त्याने दमलो म्हणून सांगण्यात कमीपणा मानला तर सगळ्यांचीच पंचाईत.

ओळख झाल्याशिवाय लांबच्या फेरीला निघू नये, हे मोठ्या लोकांनीही पाळलं आहे. गोव्याला बांधलेल्या 'तारिणी' या बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परत आल्या. त्याआधी त्या एकत्र मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. आमचं मॉरिशस म्हणजे क्वीन्सक्लिफ, पण तत्त्व तेच. ज्यांना अजिबात अनुभव नाही त्यांनी विल्यमस्टाउनच्या यॉट क्लबांत चौकशी करावी. उन्हाळ्यात संध्याकाळच्या छोट्या शर्यती असतात आणि तिथे दोऱ्या ओढायला माणूस बहुतेक वेळा हवाच असतो. चार-पाच संध्याकाळी गेलात की समुद्र आपल्याला मानवतो का ते कळेल, आणि लोकांना तुम्ही मानवता का तेही.

बोटीवर सहा जागा आहेत, चार भरल्या आहेत. सहा असले की तीन जोड्या होतात : चार तास पहारा, आठ तास मोकळे. उरलेल्या दोघांना पोहता यावं, चार आठवडे मोकळे असावेत, आणि जानेवारीचं कुठलंही तिकीट काढलेलं नसावं. वयाची अट नाही, निवृत्त मंडळींनी तर जरूर विचार करावा, वेळ तुमच्याकडेच आहे. डॉक्टरांची परवानगी मात्र लागेल. मुलांना समुद्रातल्या टप्प्यांवर नेणार नाही, पण ईडनला गाडीने येऊन त्यांनी बोट बघावी, तिथे व्हेल माशांचं म्युझियमही आहे. पुढची चाचणी फेरी दुसऱ्या रविवारी सकाळी सातला वेरिबी साउथहून. डबा आपापला आणावा, रस्सा नको, सांडतो.